लाल गाडी की चंदेरी

"माझा थोरला वेगानं गेला नाही. त्याला कुणीतरी घालवलंय," टेलरमास्तर म्हणाले.

सर्व्हेअरबाईंनी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. वीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकरलेल्या गाड्या तपासल्यावर बाईंनी खासगी तपासाचं काम सुरू केलं होतं. कोपऱ्यात वही उघडून बसले होते त्यांचे मदतनीस कंपाउंडर. दवाखान्यातली नोकरी संपली तरी लोक त्यांना याच नावानं हाक मारत.

"सगळं पहिल्यापासून सांगा."

मास्तरांच्या दोन्ही मुलांचा गणवेश शिवण्याचा कारखाना होता. लहानपणापासून दोघांना एकाच स्पोर्ट्स कारचं वेड. अखेर जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याच मॉडेलच्या दोन सापडल्या. चंदेरी अकरा वर्षांत जेमतेम नऊ हजार किलोमीटर चाललेली. लाल अपघातात चेपून पुन्हा बांधलेली.

"कुणी कुठली घ्यायची ते मी ठरवलं. थोरल्याला दोन लेकरं, म्हणून त्याला चंदेरी. धाकटा सडाफटिंग, त्याला लाल चालणार होती. पण झोप उडाली ती लालनं. फाटलं कापड कितीही रफू करा, ते फाटलेलंच. तिच्यासाठी जमेल ते केलं. आणि गेला कोण? थोरला! घाटातल्या वळणावर. पोलीस म्हणतात, गाडी भरधाव होती. सूनही तेच म्हणते. नवऱ्याचा फोटो तिनं भिंतीवरून उतरवून ठेवलाय. बाई, त्या गाडीवाल्यानं मीटर मागे फिरवून आम्हाला फसवलं असणार."

चंदेरी गाडी पोलिसांच्या आवारात पडली होती. बाईंनी पेडल पाहिले, सीटच्या कडा चाचपल्या. "मीटर खरा आहे. काही झिजलेलं नाही, गाडी फारशी वापरलेलीच नाही." वेगाचा काटा धडकेत साठावर अडकून बसला होता.

मागच्या डाव्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या.

"पण टायर नवाकोरा दिसतो," कंपाउंडर म्हणाले. "नक्षी बघा किती खोल!"

बाईंनी चिखल पुसून टायरवरचे आकडे वाचले. "अकरा वर्षांपूर्वी बनलाय. नक्षी झिजली नाही, तरी रबर वाळलंच." बाकीचे तीनही त्याच सालचे होते. शिवाय चारही रिमांच्या आतल्या कडेला मोहरीएवढे लाल रंगाचे ठिपके होते.

कंपाउंडरांचे डोळे चमकले. "लाल रंग! धाकट्यानं मागून ठोकलं!"

बाई गाडीबाजारवाल्याकडे निघाल्या.

गाडीबाजारवाला आधी चिडला, मग कागद काढून बसला. "चंदेरी इतकी वर्षं उभी होती. नवे चार टायर टाकूनच दिली. हे बघा बिल."

"आणि लाल?"

"ती जशी होती तशी. चाकं भंगारात निघालेल्या, तिच्याच सालच्या एका गाडीची होती, नक्षी छान शिल्लक होती. रंग मारताना चाकं काढायलाही सवड नव्हती, इतकी घाई."

धाकटा कारखान्याच्या दारात भेटला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याची लाल गाडी शेजारीच उभी होती. बाईंनी वाकून चाकं पाहिली. रिम स्वच्छ, टायर याच वर्षीचे.

"नशीब बघा," तो कडवटपणे म्हणाला, "मोडक्या गाडीला टायर मात्र नवे मिळाले."

"घरी आणल्यावर गाड्यांना कुणी हात लावला होता?"

"बाबांनी मिस्त्रीला बोलावून दोन्ही तपासून घेतल्या. आम्ही दोघं तेव्हा इथेच होतो. दुसऱ्याच दिवशी दादा घाटात गेला."

मिस्त्री नटबोल्ट धूत होता. मोडलेली चंदेरी घाटातून ओढून आणणारा तोच.

"तुम्हाला कुणी पाठवलं?"

"मास्तरांनी."

"स्वतः मास्तरांनी?" त्याच्या हातातला नट डब्यात पडला. "बाई, पाया पडतो, त्यांना म्हणावं नाद सोडा."

त्यानं पाठ फिरवून पुन्हा नटबोल्ट धुवायला घेतले.

चार वाजता मास्तर बाईंकडे आले. धाकट्यानं त्यांना खाली सोडलं आणि तो गाडी लावायला गेला.

"मीटर खरा होता," बाई म्हणाल्या. "गाडीवाल्यानं फसवलं नाही. काटा साठावर अडकलाय, म्हणजे तुमचा मुलगाही भरधाव नव्हता. मागचा टायर फुटला."

"नवा टायर?"

"अकरा वर्षांचा. चंदेरीला नवे टायर घातल्याचं बिल आहे, आणि आता ते नवे टायर लाल गाडीला आहेत. लालची चाकं चंदेरीला होती. कंपाउंडरांना लाल ठिपक्यांवरून टक्कर वाटली, पण टकरीचा रंग पत्र्याला लागतो, चारही चाकांच्या आत नाही. लाल गाडी चाकं चढवूनच रंगवली होती. तेव्हाचे शिंतोडे ते."

"मग अदलाबदल केली कुणी?" कंपाउंडरांनी विचारलं.

"दोघं भाऊ कारखान्यात असताना एकच दिवस मिस्त्री घरी आला होता." बाई थांबल्या. "मिस्त्रीनं नुसती नक्षी पाहिली, साल वाचलं नाही. चाकं बदलायला त्याला सांगितलं कुणी, मास्तर?"

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला वाटलं... चंदेरी मुळात धड आहे. तिला काय होतंय? लालचं अंग मोडलेलं, निदान पाय तरी नवे असावेत. धाकटा ऐकणारा नव्हता, म्हणून गुपचूप..." त्यांनी बाईंचा हात धरला. "मी ती चाकं बदलली नसती तर?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं.

"तर ती धाकट्याच्या गाडीखाली राहिली असती. तोही त्याच घाटातून जातो."

कंपाउंडरांनी वही मिटली.

मास्तर उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. "सुनेला काय सांगू? ती त्याच्यावर रागावून बसलीय. त्याचा दोष नव्हता हे सांगायचं तर..."

जिन्यावर पावलं वाजली. धाकटा आत आला, सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"बाबा, काही कळलं?"

"कळलं." मास्तरांचा आवाज अगदी सपाट होता. "तुझा दादा जोरात चालवत नव्हता."

धाकट्याचा बांध फुटला. तो खाली बसून, वडिलांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून हमसून रडला. मग डोळे पुसत त्यानं वर पाहिलं.

"मग तो गेला कशानं?"

मास्तरांनी त्याच्या केसांवर हात ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.