शेवटच्या प्रकरणाचा रबरबँड

कालिंदीने जाडजूड पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरचा रबरबँड काढायला बोट घातलं, तोच तिच्या मनगटावर अलगद एक लाकडी तलवार टेकली.

"थांबा! इथे शेवट आधी वाचायला बंदी आहे."

तलवारीच्या दुसऱ्या टोकाला एक उंच तरुण होता. खांद्यावर आजीच्या काठपदरी साडीचा झगा, दोन्ही बाजूंना टोकदार कान... त्यातला डावा सुटून लोंबत होता.

दादरच्या त्या वाचनालयाच्या माळ्यावर दर रविवारी फँटसीवेडी मंडळी जमत. कोणी जादूगार होऊन येई, कोणी चेटकीण, आणि आपापली लाडकी पुस्तकं एकमेकांना वाचायला देत. शेवटच्या प्रकरणाला रबरबँड लावून. जो शेवट फोडेल, त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा, एवढाच नियम.

"चहा करते मी," कालिंदी म्हणाली. "फक्त सांगा, ताम्राक्ष परत येतो का?"

तिच्या हातातलं पुस्तक म्हणजे एका कथामालेचा तिसरा भाग, आणि ताम्राक्ष हा त्यातला ड्रॅगन. पहिले दोन भाग तिने सात वर्षांच्या मनूला झोपताना वाचून दाखवले होते. दुसऱ्याच्या शेवटी तो 'येतो लगेच' म्हणून उडून गेला होता. मनूचे बाबाही असंच म्हणून गेले होते. मागून वकिलाचे कागद तेवढे आले. तेव्हापासून कालिंदी सगळं आधी तपासून घेई. खिडकीचे गज, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, गोष्टींचे शेवट...

"ती बघा माझी लेक." पुठ्ठ्याचे पंख लावून मनू कुणा जादूगाराची दाढी ओढत होती. "तिच्यासमोर ड्रॅगन मेला-बिला तर मी काय सांगू?"

त्याने तलवार खाली घेतली.

"शेवट नाही सांगणार. पण पुस्तक माझंच आहे, न्या. वाचताना कुठे अडलात तर फोन करा. मी अवधूत. परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. घाबरलेल्या माणसांची सवय आहे मला."

"मी घाबरलेली दिसते?"

"मी 'श्वास रोखा' म्हटलंही नाही, तरी रोखलाय तुम्ही."

कालिंदीला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी, असं एकदम.

मग मेसेज सुरू झाले. 'मनू विचारतेय, ड्रॅगनला कांदेपोहे आवडतात का?' 'लिंबू पिळलेलं असेल तर!' हळूहळू शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तिघं मिळून वाचू लागले. लालबागचा अवधूत ड्रॅगनला मालवणीत बोलायला लावी — "खंय चल्लंस गो?" — आणि मनू हसून हसून लोळे. कालिंदी चोरून त्याच्याकडे बघे. त्याने बघितलं, की घाईने पान उलटे.

"आई, 'तुम्ही' काय गं? तो ड्रॅगन आहे. तू म्हण!" मनूने एकदा फर्मावलं. तेव्हापासून दोघं 'तू'वर आले.

आणि मग उरलं शेवटचं प्रकरण.

कालिंदीने आठवडाभर टाळाटाळ केली. ड्रॅगन आलाच नाही तर? आणि... आला तरी, पुस्तक संपल्यावर हा माणूस कशाला येईल कट्ट्यावर?

शेवटी रविवारी संध्याकाळी कट्ट्यावर तिने पुस्तक मांडीवर घेतलं. इतके दिवस नियम पाळून तिने रबरबँडला हातही लावला नव्हता. आता बोट लावलं, तर तो वितळून पानांना पक्का चिकटलेला.

"अवधूत... हा तू कधी काढलाच नाहीस!"

तो कान खाजवू लागला. आज खरा कान.

"दोनदा इथवर आलो गं. पुढे धीरच झाला नाही. संपलं की मंडळी निघून जातात ना."

"आणि मला तलवार दाखवत होतास! स्वतःला शेवट माहीत नसताना?"

"हो..." तो कसंनुसं हसला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "पण तू म्हणशील तर आज घरी एकटा वाचतो. वाईट असेल तर तुला आधी सांगतो. चहा करेन सगळ्यांना, हाय काय नि नाय काय."

कालिंदी त्याच्याकडे बघत राहिली. शेवटाला एवढा घाबरणारा माणूस, तिच्यासाठी एकटा वाचायला निघालेला!

"नको," ती म्हणाली. "तिघं वाचू."

तिने नखाने हळूहळू रबरबँड सोडवला.

"श्वास रोखू का रे?"

"नको. घे."

ताम्राक्ष आला. एक पंख गमावून, लंगडत लंगडत... पण आला.

"चालेल," मनू गंभीरपणे म्हणाली. "आता घरीच राहील."

अवधूत बाहीला डोळे पुसत होता. पुस्तकाच्या आडोशाला कालिंदीचा हात त्याच्या हातावर टेकला.

"गेली का मंडळी?" तिने हळूच विचारलं.

"नाही गं..." त्याने तो हात घट्ट धरला. "इथेच आहेत."

पुढच्या रविवारी माळ्यावर सगळे जमले, तेव्हा मंडळाची मुख्य चेटकीण अनुजा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय रे अवधूत, तुम्हा दोघांच्या गोष्टीत पुढे काय होतं?"

"शेवट विचारायला बंदी आहे," तो पुटपुटला. टोकदार कानांखालचे खरे कान लालबुंद झाले होते.

सगळ्यांच्या नजरा कालिंदीकडे वळल्या. ती उठली, कोपऱ्यातला गॅस पेटवला, आणि सगळ्यांच्या चहाचं आधण ठेवलं.