मंडईतला पहिला फेरा

"गुड्डी, उतर! आधी उतर!"

"काहून? नंबर माझा आहे!"

आठवीतल्या तेजस्विनीने धाकट्या बहिणीला पाळण्यातून ओढूनच काढलं. आसगावच्या मंडईतला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतला, आकाशपाळणा दहा मिनिटांत सुरू होणार होता. पहिल्या फेऱ्याचा मान लहान मुलांना, असं सरपंच श्यामरावांनी जाहीर करून टाकलं होतं.

गुड्डी बसली होती तो चार नंबरचा पाळणा ज्या लोखंडी दांड्याला लटकत होता, त्यावर केसाएवढी रेघ होती. सकाळी पाळणेवाल्या भय्याजींनी तिच्यावर चंदेरी रंग फासला होता. रिकाम्या पाळण्याचे दोनच फेरे झाले आणि रेघ पुन्हा हजर!

तुमसरहून सुट्टीला आलेल्या मामेभाऊ चंदनने तिथे रॉकेल लावलं, कोरडं पुसलं आणि खडूची पूड चोळली. राइस मिलमध्ये त्याचे बाबा असंच तपासत. फटीत मुरलेलं रॉकेल पांढऱ्या पुडीवर उमटलं. रेघ जवळजवळ दांड्याभोवती फिरली होती!

"बारा वर्षं फिरून राहिला हा! काही झालं काय?" भय्याजी गरजले.

"म्हणूनच तं भेव वाटते! तार एकदा वाकवून तुटत नाही, भय्याजी. घडी घडी वाकवली का तुटते!" तेजस्विनी म्हणाली.

"शुभ वेळेले अभद्र बोलू नको, पोरी," सरपंच म्हणाले. रंग त्यांच्याच पसंतीचा होता.

तेजस्विनीने क्षणभर विचार केला आणि गर्दीकडे वळून ओरडली, "नवं धान आलं, अन् पहिला मान पोरायले? पहिला फेरा धानाले द्या!"

"बरोबर! धानालेच!" शेतकरी गरजले.

भंडारा जिल्ह्यात धानाला नाही म्हणून कुठला सरपंच पुन्हा निवडून येईल? दोन पोत्यांना हार घालून चार नंबरच्या पाळण्यात बसवलं.

"मागं सरा! मानाचे पाहुणे आहेत!" चंदनने गर्दी लांब हटवली.

एक फेरा. दुसरा. भय्याजी मिशीत हसले.

तिसऱ्याला वरून आवाज आला. कट्ट!

पाळणा धाडकन खाली! पोती फुटली, धान चहूकडे उडालं.

"तिथं मी होती," गुड्डी हळूच म्हणाली.

भय्याजींनी इंजिन बंद केलं. तुटलेल्या दांड्याचं तोंड सगळं जुनं, गंजलेलं होतं. नखाएवढाच भाग ताजा चमकत होता. तेवढ्यावर आणि बारा वर्षांच्या रंगावर चार नंबर लटकत होता!

"शाब्बास पोरायहो! गावाची लाज राखली," सरपंच म्हणाले.

भय्याजींनी इंजिनाचं हँडल तेजस्विनीच्या हातात दिलं. "सारे दांडे तपासा. आता तुम्ही म्हणसाल तवाच फिरवतो, बाई."

आठवीतल्या पोरीला 'बाई' म्हणताना त्यांची जीभ जराही अडखळली नाही.