जिनेटचं पान

खोटं वाटलं तर वाटू दे. पण फिओरेला माझी शेजारीण आहे, आणि हे सांगताना तिची कॉफी हातातच गार झाली होती.

विंडसर गाव. गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. रात्रही नव्हती... लख्ख दुपार.

फिओरेला साच्यांच्या कारखान्यात डिझायनर. संगणकावर साचा रचायचा, मग तो पोलादात कोरायचा, त्यातून प्लास्टिकचे भाग निघायचे. तिच्या आधी हे काम जिनेट करायची. उन्हाळ्यात वारली. पण कारखान्यातून काही गेली नाही.

"जिनेटचा साचा कसा लोण्यासारखा उघडायचा!" कारखान्यातला म्हातारा दुशान रोज म्हणायचा.

"मग बोलव ना तिलाच!" फिओरेला फणकारायची.

मेलेल्या बाईवर काय जळायचं? तिची तिलाच लाज वाटायची.

पण जळायचीच.

जिनेट प्रत्येक साच्याच्या आतल्या अंगाला तीन पाकळ्यांचं एक बारीक पान काढायची. तिची सही. तिचा शेवटचा, अर्धवट साचा फिओरेलाकडे आला. मुलांच्या कारसीटच्या बकलचं कव्हर. हा नीट उतरला की जिनेटची खुर्ची कायमची तिची.

पडद्यावर ते पान होतंच.

फिओरेलानं ते पुसून टाकलं.

पहिला नग निघताना सगळे जमतात, आणि तो कोमट असतानाच डिझायनरच्या हातात देतात. तिथली रीतच आहे ती.

साचा उघडला. अलगद. दुशाननं नग तिच्या तळव्यावर ठेवला.

"शाब्बास पोरी! अगदी जिनेटसारखा."

तिनं तो उलटा केला...

आत पान होतं.

दुशाननं साच्यात बॅटरी मारली. बोट फिरवून पाहिलं. पोलाद आरशासारखं गुळगुळीत. पोलादात खोदलेलंच नाही, तर प्लास्टिकवर उमटेल कुठून?

दुसरा नग काढला... पान.

तिसरा... पान.



खुर्ची मिळाली तिला. पण पाठ टेकून ती अजून तिच्यात बसलेली नाही.

त्या रविवारी तिनं लेकीसाठी जेली केली. साध्या काचेच्या वाडग्यात. घट्ट झाल्यावर ताटलीत उपडी केली, वाडगा हळूच उचलला...

वर पान.

तिला हात पुढे करायचंही सुचलं नाही. तोवर टालियानं चमचा तोंडात घातला होता. डोळे मिटून म्हणाली,

"मम्मा, आज कसली मस्त झालीय! तुझ्या हातची वाटतच नाही."

परवा माझी मुलगी जेली मागत होती.

मी सफरचंद कापून दिलं.