चीड... येऊन राहिला

निघण्यापूर्वी इश्वरने कोलोनच्या तिन्ही बाटल्या जुन्या टॉवेलात गुंडाळल्या आणि पिशवीत उभ्या ठेवल्या. भंडाऱ्याहून दिघोरीकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल त्याने वर्तमानपत्रात आयुष्यभर लिहिलं होतं, आणि रस्ता होता तसाच राहिला होता. बातमीदारी आता सुटली होती, चीड सुटली नव्हती. एका बाईच्या अब्रूचा निकाल गाव नुसत्या वासावरून लावतंय, हे ऐकल्यावर त्याला घरी बसवेना.

रत्नाबाईच्या घरात दुपारी पुरुषी सेंटचा वास यायचा. तिचा नवरा राजकुमार उत्तरेतल्या पहाडात रस्त्याच्या कामावर डंपर चालवायला गेला आणि परतलाच नाही. धाकटा भाऊ वीरेंद्र त्याच्याबरोबर होता. तो एकटाच आला आणि म्हणाला, दादा वहिनीवर चिडून कुठंतरी निघून गेला. आता तोच वीरेंद्र गावभर सांगत होता, की वहिनीकडे कोणीतरी येते. आज संध्याकाळी त्यावर गावाची बैठक होती. तिने घर सोडून माहेरी जावं, एवढीच त्याची मागणी होती.

तिच्या मुलीने, अपेक्षाने, इश्वरला फोन केला होता.

"काका, वास खरा आहे. माणूस नाही," ती म्हणाली. "बाबांची बातमी घ्यायला तुम्ही आले होते, तेव्हा तुमच्या शर्टाले येत होता, तसाच काहीसा. पाइनसारखा."

पाइनच्या वासाचं कोलोन हा इश्वरचा जुना शौक. म्हणून या बाटल्या. सेंट ओळखता आलं, तर ते कुठून येतं हेही शोधता येईल, असा त्याचा सरळ हिशेब होता.

तो पोचला तेव्हा ऊन तापलं होतं. शेजारच्या खळ्यावरून धानाच्या तणसाचा वास येत होता. ओसरीवरच्या खाटेवर वीरेंद्र हाताची घडी घालून बसला होता.

"करा तमाशा," तो म्हणाला. "आम्हीही पाहतो."

इश्वरने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. कोऱ्या कार्डाच्या पट्ट्या कापून त्याने पहिली, चपटी हिरवी बाटली उघडली आणि एक पट्टी भिजवून अपेक्षाच्या हातात दिली.

तिने नाक मुरडलं. "हे तं फिनाईल आहे, काका."

"माझं अर्धं आयुष्य या फिनाईलात गेलं, पोरी. नीट घे. आधी लिंबू, मग झाड."

"लिंबू नसते त्या वासात."

दुसरी बाटली तपकिरी, गोडसर. तिच्यात डिंक आणि मागे किंचित चामडं. दाराशी उभ्या रत्नाबाईने ती हुंगून नकारार्थी मान हलवली. तिसरी पारदर्शक, कडू, कोरडी, दाढी केल्यावर गालाला झोंबणारी. ती तिने दोनदा हुंगली.

"जवळ आहे, भाऊ. पण हा नाही."

तेवढ्यात अंगणातल्या कोंबड्यांची कुरकुर थांबली. भर उन्हात इश्वरच्या हातावर काटा उभा राहिला. आणि वास आला.

हळूच आला, जमिनीलगत, सारवणावरून सरकत. इश्वर भीती विसरून वाकला आणि हुंगत राहिला. लिंबू नाही. चामडं नाही. स्पिरिटचा तो पहिला झटकाही नाही. नुसती साल, डिंक, आणि खूप थंड हवा. त्याने जन्मभर ज्याची नक्कल अंगाला लावली, ते आज समोर होतं.

"हे सेंट नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "हे झाडच आहे. आपल्याकडे होत नाही ते. पाइन म्हणजे चीड."

रत्नाबाई पुढे सरकली. "काय म्हणता?"

"चीड. पहाडातल्या झाडाचं नाव."

ती भिंतीला टेकून खाली बसली.

"त्यांचा शेवटचा फोन आला होता... आवाज तुटून राहिला होता. म्हणे, रत्ना, काही दिसून नाही राहिलं... मले चीड... येऊन राहिला. मी म्हटलं, काहून, मी काय केलं? तं फोन बंद."

"राहिली का राहिला, आई?" अपेक्षाने विचारलं.

"राहिला. मले वाटलं, प्यायले असतील, जीभ अडखळून राहिली. माझ्यावर चिडूनच गेले, असं धरून बसली मी..."

"मधला शब्द तुटला, आई. चीडचा वास. बाबांले वास येऊन राहिला होता."

रत्नाबाईने पदर तोंडाला लावला. इतक्या दिवसांनी तिला नवऱ्याचा राग नाही, त्याची हाक ऐकू आली होती.

वीरेंद्र खाटेवरून उठला. "शब्दाचा खेळ नका करू. सेंट आहे तं सेंटच आहे."

"मग तूच ओळख." इश्वरने तिसरी पट्टी त्याच्या नाकाजवळ धरली. "हीच ना?"

वीरेंद्रने हुंगलं आणि वैतागून ती दूर सारली. "हे कसं असंन? याच्यात ओली माती कुठं आहे?"

रत्नाबाईने तोंडावरचा पदर खाली घेतला.

"कोणती माती, भाऊजी?" तिने विचारलं. "आम्हाले तं मातीचा वास नाही आला. कधीच नाही."

वीरेंद्रने तिघांकडे एकेक करून पाहिलं. मग स्वतःच्या तळहातांकडे. चप्पल न घालताच तो अंगणात उतरला आणि निघून गेला. त्याच्यामागे सारवणावरून काहीतरी सरकत गेल्यासारखं झालं, आणि ओसरीत पुन्हा तणसाचा वास भरला.

संध्याकाळच्या बैठकीला वीरेंद्र आलाच नाही. लोक थोडे थांबले, एकमेकांच्या नजरा चुकवत उठून गेले. घर सोडायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

सकाळी इश्वर पोलीस ठाण्यात जायला तयार झाला. राजकुमारला पहाडात शोधायला लावल्याशिवाय तो आता तिथून उठणार नव्हता. तेवढ्यात रत्नाबाईचा फोन आला.

"भाऊ, आमच्या घरातला वास गेला. भाऊजींच्या घराले दारं-खिडक्या लावून आहेत, अन् बाहेर रस्त्यापर्यंत वास येऊन राहिला."

"येतो मी," तो म्हणाला.

दाढी झाली होती. सवयीने त्याने हिरव्या बाटलीचं झाकण फिरवलं, तळहातावर थेंब घेतले आणि गालांना लावले.

लिंबू आलं नाही. झाडही आलं नाही.

त्याने घाईने दुसरी उघडली, मग तिसरी.

तिन्हींतून ओल्या मातीचा वास येत होता, कोणाला तरी पुरून बुजवलेल्या खड्ड्यासारखा.