ओढ्यापलीकडे गेलेली ओढणी

लावीनिया शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहून भिंतीवर रंगवलेल्या संत प्रोस्पेरोच्या नाकावर बॅटरी मारत होती, तेवढ्यात खालून आवाज आला,

"शिडी धरू, की पडल्यावर झेलू?"

ती दचकली, शिडी डगमगली. खाली भुवयांपर्यंत चुन्याने माखलेला एक तरुण मान वर करून हसत होता.

"काही गरज नाही. माझी मी उतरेन."

"उतराच. शिडी माझी आहे."

तो कोर्राडो. ओढ्याकाठच्या त्या जुन्या चॅपेलच्या भिंतींना कधीकाळी कुणीतरी चुना फासला होता. तो हलक्या हाताने सोडवून खालची चित्रं मोकळी करायचं काम त्याच्याकडे होतं. लावीनिया पेरुजा शहरात, विद्यापीठात, चित्रकलेचा इतिहास शिकवायची. ती आली होती मरियामाईच्या ओढणीच्या मागावर.

ती ओढणी लावीनियाच्या गावात, मोंतोर्वोत, चांदीच्या पेटीत होती. ओढ्यापलीकडचे वाल्दिस्काचे लोक म्हणत, साफ खोटं, खरी आमच्याकडे आहे! त्यांचीही पेटी होती. या भांडणापायी दोन गावांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक झाली नव्हती. लावीनियाने ठरवलं होतं, आता जुन्या चित्रकारांनाच साक्षीला बोलवायचं. ओढणी जिथे जिथे रंगवलीय ती प्रत्येक भिंत पाहायची.

"तुम्ही कुठले?" तिने विचारलं.

"वाल्दिस्काचा."

"अरे देवा!"

"तोही आमच्याकडचाच."

तिला हसायचं नव्हतं... पण हसू आलंच.

मग तो उन्हाळा दोघांनी चित्रं पाहण्यात घालवला. तो गाडी चालवायचा, ती मांडीवर फोटो पसरून बसायची. खिडकीतून रानबडीशेपेचा वास यायचा. कुठल्याशा पायरीवर बसून पाव आणि मेंढीच्या दुधाचं चीज खाताना 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणालाच कळलं नाही.

एक कोडं मात्र सुटत नव्हतं. मोंतोर्वोच्या सगळ्यात जुन्या चित्रांत मरियामाईच्या ओढणीला लाल काठ होता. मग अचानक, बराच काळ, तिचं डोकं उघडं. आणि पुढे ओढणी परत आली ती निळ्या काठाची.

"चित्रकाराकडचा लाल रंग संपला असेल," कोर्राडो म्हणायचा.

"आणि तुझी अक्कल."

"ती तर तुला पाहिलं तेव्हाच संपली."

ती खिडकीबाहेर बघायची. कान मात्र लाल व्हायचे.

ऑगस्टच्या अखेरीस चॅपेलच्या शेवटच्या भिंतीवरचा चुना निघाला. कोर्राडोने तिला हाक मारली, पण नेहमीसारखी थट्टा केली नाही.

भिंतीवर मोंतोर्वोचा गोल बुरूज होता. वेशीत रडणाऱ्या बाया. एक जोगीण लाल काठाची ओढणी दोन्ही हातांवर घेऊन ओढा ओलांडत होती. पलीकडे वाल्दिस्काचा चौकोनी बुरूज आणि त्याच्या पायथ्याशी आडवी पडलेली माणसं... काखेत काळ्या गाठी. प्लेग.

लावीनियाने बॅटरीचा झोत त्या लाल काठावर धरला.

"आमच्या बायकांनी दिली," ती म्हणाली. "तुमची माणसं वाचावीत म्हणून. म्हणून आमच्या चित्रांत डोकं उघडं. खरी तुमच्याकडेच आहे, कोर्राडो. तू जिंकलास."

"हे अजून आपण दोघांनीच पाहिलंय," तो हळूच म्हणाला. "पुढच्या आठवड्यात तुमच्या ओढणीची मिरवणूक आहे. तेवढी होऊ दे. नाहीतर... चुना परतही लावता येतो."

"माझी कीव करतोस?"

"कीव नाही गं—"

"मग काय?"

"तू हरलेली मला बघवत नाही. तू जिंकून मला टोमणे मारावेस... रोज. घरी."

तिने भिंतीचा फोटो काढला. "आधी आत्याला सांगते," एवढंच ती म्हणाली.

एर्मेलिंडा आत्याने तिला लहानाचं मोठं केलं होतं. चांदीच्या पेटीची किल्ली आत्याच्या गळ्यात असायची, मिरवणुकीत सगळ्यात पुढे तीच. ती स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. लावीनियाने सगळं सांगितलं, आणि फोटो पुढे ठेवला. आत्याचे हात थांबले.

"मग ही निळ्या काठाची, जन्मभर मी कुणाची ओढणी मिरवली गं?"

"माहीत नाही, आत्या."

आत्या फोटोतल्या बायांकडे बघत राहिली. डोळे पुसले, नाकही पुसलं.

"यांच्यातल्याच कुणाची तरी असेल. माईचं उघडं डोकं बघवलं नसेल, दिली असेल आपल्या डोक्यावरची काढून." तिने गळ्यातली किल्ली चाचपली. "मी हीच मिरवणार. पण पाद्रीबाबांना सांग, यंदा चौकात खरी हकिगत सांगायची."

मग तिची नजर खिडकीबाहेर गेली. "आणि तो कुंपणापाशी घुटमळतोय तो कोण?"

"कोर्राडो. वाल्दिस्काचा."

"अस्सं. ओढणी नेली, आता पोरगी न्यायला आले वाटतं!"

"आत्या!"

"आत्या काय? बोलव त्याला. एवढ्या शेंगा काय मी एकटीच सोलू?"

लावीनिया बाहेर आली. कोर्राडोने टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

"फार चिडल्या का?"

"आत्या विचारतेय, पोरगी न्यायला आलायस का."

तो लालबुंद झाला. "न्यायला नाही... मागायला. देशील?"

तिने त्याचा हात धरला. नखांत अजून चुना होता.

"नीट विचार कर," ती म्हणाली. "आमच्या गावात दिलेलं परत मागत नाहीत."