आजोबांनी टाकलेलं कवच

मत्स्यालयातली सगळ्यात थंड टाकी मावशींच्या ताब्यात होती. तिच्यात राहणारा एकच: खोल समुद्रातून जाळ्यात आलेला खेकडा. पाय पसरले की दोन माणसं आडवी झोपावीत एवढा मोठा, पण स्वभावाने गरीब गाय. माशाचा तुकडासुद्धा भीत भीत घ्यायचा. टाक्यांचे पंप सांभाळणारा पंपवाला त्याला आजोबा म्हणायचा.

या जातीची पिल्लं शेवाळ, स्पंज, मिळेल ते कवचावर खोवून लपतात. मोठी झाली की हा नाद सुटतो. आजोबांचा सुटला नव्हता.

"म्हातारपणी नटायची हौस!" पंपवाला हसायचा.

मावशींचा एकुलता एक मुलगा कोवळ्या वयात मासेमारीच्या बोटीवर गेला आणि बोटीसकट बुडाला. हाताला काहीच लागलं नाही. बंदरावरच्या भिंतीवर त्याचं नाव कोरून घेऊ, असं नवरा कधीचा म्हणत होता. मावशी ऐकत नव्हत्या. नाव कोरलं की मुलगा मेला, एवढं सरळ होतं ते. या हिवाळ्यात मात्र त्या थकल्या. "कोरा," म्हणाल्या, आणि त्याचा घरी राहिलेला करडा स्वेटर उसवायला बसल्या. फेकवत नव्हता, कुणाला देववत नव्हता. रोज थोडी लोकर त्या आजोबांच्या टाकीत सोडू लागल्या. लांब धागा पायांत अडकेल म्हणून बोटभर तुकडे करायच्या. कुणाच्या तरी अंगावर राहील, एवढंच मनात होतं.

आजोबा एकेक तुकडा उचलून पाठीवर खोवायचे. मग त्यांनी खाणं सोडलं. एका सकाळी ते तळाशी निपचित दिसले आणि मावशींचा बांध फुटला.

"रडताय काय मावशी? दगडामागे बघा," पंपवाला म्हणाला.

दगडामागे आजोबा होते, मऊ आणि फिकट. समोर पडलं होतं ते जुनं कवच, मागून उघडलेलं.

ते बाहेर काढलं तेव्हा पाठीवरची लोकर एकसंध सुटून आली. ती बाही होती. तुकड्यांना कुठे गाठ नाही, जोड नाही. मनगटाशी वीण आवळलेली. बोटीवर वारा शिरतो म्हणून मावशी तशीच विणायच्या.

"हे कुणी केलं?"

"टाकीची किल्ली तुमच्याकडेच असते, मावशी."

पंपवाला मग हसला नाही.

घरी नवऱ्याने बाही उलटसुलट पाहिली. "तूच विणलीस. मनाची समजूत म्हणून."

"नाही हो. तुमची शपथ."

"त्याच्याच मापाची असणार, बघ." त्याने बाहीत हात घातला.

मुलगा गेला तेव्हा जेमतेम बापाच्या खांद्याला लागायचा. बाही बापाची बोटं झाकून खाली लोंबली.



त्याने घाईने हात बाहेर काढला, तळव्याकडे पाहत राहिला.

"ओली आहे," तो म्हणाला. "पण आतून गरम आहे."

मावशी खाली बसल्या.

बऱ्याच वेळाने त्याने अंगातला स्वतःचा स्वेटर काढला, मांडीवर घेतला आणि टोक शोधून उसवायला लागला.

"अहो, हे काय?"

"कात्री दे," तो म्हणाला. "उरलेली लोकर आता त्याला पुरायची नाही."