एकास चोवीस

गोंद संपला होता, म्हणून धाकटा भर दुपारी दुकानात गेला. काम एवढंच होतं.

दुकान छोट्या छोट्या विमानांचं, गाड्यांचं, आगबोटींचं. खोकं आणायचं, तुकडे जोडायचे, रंगवायचे आणि मग जन्मभर त्यांच्यावरची धूळ पुसायची, असा तो छंद. ताई तिथलं जुनं गिऱ्हाईक. ती गेल्याचं दुकानवाल्या काकांच्या कानावर आलं होतं. त्यांनी तो विषयच काढला नाही, फक्त सावकाश वाळणारा पांढरा गोंद पुढे सरकवला.

"खिडक्या बसल्यात ना? मग झटपट गोंद त्या घराच्या आसपास नेऊ नकोस. त्याची वाफ धरते, काचा पांढऱ्या पडतात."

धाकट्याने मान हलवली. सांगितलेलं ऐकून घ्यायची त्याला सवय होती. तसं वागायची नव्हती.

घर म्हणजे त्यांचंच घर. आईच्या साठीला द्यायचं म्हणून ताईने त्याचं मॉडेल करायला घेतलं होतं, एकास चोवीस मापाचं. खरं घर चोवीस फूट, तर हे एक फूट. दोन खोल्या, गॅलरी, कपाटाचं कधीच न लागणारं दारसुद्धा. राहिला होता तो फक्त बाहेरचा दरवाजा, साडेतीन इंचांचा. आणि तो राहिला होता, कारण तो धाकट्याच्या खिशात होता.

गंमत होती हो. असलं काहीतरी तो नेहमीच करायचा. एकदा लढाऊ विमानाच्या खुर्चीत त्याने पायलट म्हणून शेंगदाणा बसवला. ताईने त्याला हेल्मेट रंगवलं आणि तसाच उडवला. दरवाजा लपवला तेव्हा मात्र ती तीन दिवस जमिनीवर रांगत होती, हातात टॉर्च, अर्धी सोफ्याखाली. हाही मख्ख चेहऱ्याने सोबत रांगत होता. चौथ्या दिवशी देणार होता. चौथ्या दिवशी ऑफिसला जाताना ताईला ट्रकने उडवलं.

दोन महिने झाले. दरवाजा लपवल्याचं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या माणसाची माफी मागायची, तेच नसलं की माफी खिशातच राहते.

तो घरी आला तेव्हा आई चष्मा लावून मॉडेलसमोर बसली होती. दरवाजा सापडला, एवढंच त्याने सकाळी तिला सांगितलं होतं. आज लागेल ना रे, असं तिने तिसऱ्यांदा विचारलं. पांढऱ्या गोंदाला वाळायला रात्र लागते. आईचा चेहरा बघून त्याने ताईच्या खणातला झटपट गोंद काढला. चिमट्याने दरवाजा धरला, दोन थेंब लावले, छप्पर घट्ट बसवलं.

"कुठे सापडला?"

"सोफ्याखाली," तो म्हणाला.

आईने चष्मा नाकावर नीट केला आणि मॉडेलकडे वळली.

तासाभराने खोलीत तिखट वास भरून राहिला होता. मॉडेलमधून बारीक आवाज येत होता. टक... टक... प्लॅस्टिक आवळतंय, असं त्याने स्वतःला सांगितलं. खिडक्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. पोलीस याच वाफेने ठसे शोधतात, ताई सांगायची. काच बसवताना तिचीच बोटं लागली असणार, म्हणून त्याने भिंग लावलं.

ठसे होते. पण बोटाचे नव्हते. अख्खा पंजा होता, मसुरीच्या दाण्याएवढा, काचेला आतून टेकवलेला. पाच बोटं. तर्जनीचं टोक तिरकं कापलेलं. ताईचं तसंच होतं, कटरने उडालेलं.

त्याने पट्टी लावली. सात मिलिमीटर. गुणिले चोवीस, एकशे अडुसष्ट. बाईमाणसाचा हात.

"आई," तो म्हणाला, आणि मग त्याच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "दरवाजा माझ्याकडे होता. पहिल्यापासून. मीच लपवला होता..."

आईने चष्मा काढून पदराने पुसला.

"तिला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी तुझी पँट खुंटीला लावताना तिला सापडला. तिनेच परत ठेवला खिशात. मला म्हणाली, गप्प बस आई... रांगू दे त्याला माझ्याबरोबर. स्वतःहून देईल तेव्हा त्याचं थोबाड बघायचंय."

धाकटा हसला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. मग ते हसू कुठेतरी तुटलं आणि तो टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

टक...

दोघांनी वर पाहिलं. पांढऱ्या काचेवर, त्या पंजाच्या शेजारी, आतूनच, दुसरा पंजा उमटत होता. अगदी सावकाश, आधी अंगठा, मग एकेक बोट. हा मोठा होता. दोन्ही हात कुणी हौसेने शेजारी शेजारी ठेवावेत, तसे.

त्याने पुन्हा पट्टी लावली. आठ मिलिमीटर. गुणिले चोवीस, एकशे ब्याण्णव. मग त्याने आपला पंजा पट्टीवर पसरला, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.

एकशे ब्याण्णव.

आईने पट्टी काढून घेतली आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. अजून सोडलेला नाही.